सुपारीला कढीपत्ता

टेबलावर एक लहानसा संसारच मांडून ठेवला होता. कुलूप आणि किल्ली, घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, तांब्या-पेला, पिळायला ओला टॉवेल, वाटीभर सुटी नाणी आणि फळीवर ताणून बसवलेला बटणांचा शर्ट. चन्नप्पा त्या शर्टाकडे बघत बसले होते. शर्टाच्या आत माणूस नव्हता, नुसती लाकडी छाती होती, आणि तिची बटणं त्यांना डाव्या हाताने लावून दाखवायची होती.

"घाई नाही अप्पा. जमेल तसं," धम्मप्रिया म्हणाली.

धम्मप्रिया त्या केंद्रात हाताची थेरपी द्यायची. मिलिंदनगरातून स्कूटीवर यायची, केस घट्ट बांधलेले, बोलणं भरभर. लकवा झालेल्या माणसाचा हात रोजच्या कामात किती चालतो, हे ती टेबलावरच्या या वस्तू देऊन तपासायची. चन्नप्पांना लकवा झाला तो गेल्या उन्हाळ्यात. पाय काठीच्या आधाराने परत आला. बोलणं मुळातच कमी, त्यामुळे त्यात काही बिघडलं की नाही हे घरात कुणाला नीटसं कळलंच नाही. डावा हात मात्र रुसला तो रुसलाच. बोटं मिटलेली, तळवा पालथा.

हात उचलला. बटणापर्यंत गेला. बोटांनी बटणाला स्पर्श केला आणि तिथंच, उधारीचं विचारल्यावर गिऱ्हाइकाने पाठ फिरवावी तसा, तळवा खाली वळला.

"घरी शर्ट कोण घालून देतं, अप्पा?" धम्मप्रियाने विचारलं.

"मी," शेजारून सुंदरम्मा म्हणाल्या. "बटणं मी लावते, चहाचा कप मी धरते, भाकरी मी कुस्करते. आता तो डबाबी मीच उघडू काय?"

"अव्वा, अप्पांना बोलू द्या की."

"ते कुठं बोलतात पोरी? चाटी गल्लीत दुकान होतं आमचं, चादरी-टॉवेलाचं. हे गल्ल्यावर पुस्तक उघडून बसायचे. गिऱ्हाईक टॉवेल काखेत मारून गेलं तरी पान संपल्याबिगर मान वर होत नव्हती. म्हणून मी बोलायला शिकले."

चन्नप्पा ओशाळून हसले. खोटं काहीच नव्हतं त्यात.

मोठे डॉक्टर आले, त्यांनी हात उलटासुलटा करून पाहिला. "संक्रांत झाली की शेवटची टेस्ट घेऊ. रोजच्या एखाद्या कामात हात आपणहून आला तर थेरपी पुढं चालवू. नाहीतर डावा हात मदतनीस समजायचा. जेवता उजव्यानंच, सही उजव्यानंच, मग अडतंय कुठं?"

सुंदरम्मांनी सुटकेचा श्वास टाकला. खरंच की, अडतंय कुठं! एकट्या चन्नप्पांना ठाऊक होतं कुठं अडतंय ते. पण डॉक्टरांसमोर ते शब्द ओठापर्यंत आले आणि नेहमीप्रमाणे मागे फिरले.

सुंदरम्मा औषधाच्या खिडकीशी रांगेत उभ्या राहायला गेल्या, तेव्हा धम्मप्रियाने खुर्ची पुढे ओढली.

"अप्पा, एक विचारू? हा हात परत आला तर सगळ्यात आधी काय करणार?"

चन्नप्पांनी टेबलावरून नजर फिरवली. "ते ह्यात न्हाय."

"मग कशात आहे?"

चन्नप्पांचा उजवा हात छातीवर गेला. शर्टाच्या आत गळ्यातली चांदीची डबी होती, डबीत त्यांचं इष्टलिंग.

"ह्याची जागा हितं असते." त्यांनी डाव्या तळव्यावर बोट ठेवलं. "लोकांचा देव गाभाऱ्यात असतो. आमचा तळहातावर. डाव्या तळहातावर घ्यायचं, उजव्यानं पाणी घालायचं, विभूती लावायची, बेल वाहायचा, मग नजर लावून बसायचं. लहानपणापासनं एक दिवस चुकला न्हाय. आता सुंदरम्मा खालून आपला हात लावते. तिच्या हातावर माझा हात, माझ्या हातावर लिंग. पूजा होते. पण धरत मी न्हाय, धरती ती."

"त्यांनी हात काढला तर?"

"तर वळंल की हा पालथा. आणि ते खाली पडलं तर..."

एवढं सलग ते कित्येक महिन्यांत बोलले नव्हते. आपण भलतंच काही सांगून बसलो, या पोरीला काय घेणंदेणं, असं वाटून त्यांचे कान तापले.

पण धम्मप्रिया उठून उभीच राहिली होती. "कसं धरायचं ते दाखवा मला. डबी राहू द्या. नुसता हात."

त्यांनी उजव्या हाताने डावा उचलला, छातीसमोर आणला, तळवा वर केला. ती वाकून, डोळे बारीक करून बघत राहिली.

"कोपर अधांतरी, मनगट स्थिर, तळवा आभाळाकडं. बोटं उघडी, पण वाटीसारखी. आणि वरून उजवा हात पाणी घालतोय तरी हा हलायचा नाही." तिने टेबलावर थाप मारली, नाणी खुळखुळली. "अप्पा! माझ्या टेबलावरची अर्धी कामं ह्या एका कामात आहेत की! आणि मी तुम्हाला बटणं लावायला लावतेय! आधी का नाही बोललात?"

"कुणी विचारलं न्हाय."

"मी विचारत होते, अव्वा उत्तर देत होत्या!" ती हसायला लागली आणि चन्नप्पाही हसले.

"पण देवाची पूजा अशी सरावाला..." ते कचरले.

"देव डबीतच राहू द्या. सराव हाताचा. त्या मापाचं घरातलं काहीतरी घ्या, पडलं तरी चालेल असं. दुखलं की थांबायचं, दमलात की बसायचं. कबूल?"

"कबूल. पण सुंदरम्माला सांगू नका."

"का?"

चन्नप्पांनी खिडकीकडे पाहिलं. रांगेत सुंदरम्मा पुढच्या बाईशी भांडत होत्या. "तिला वाटंल, तिचा हात मला नको झालाय."

त्या मापाचं म्हणजे काय, हे शोधायला फार लांब जावं लागलं नाही. सुंदरम्मांच्या पानाच्या डब्यात अख्ख्या सुपाऱ्या असत. त्यातली एक चन्नप्पांनी लांबवली. आयुष्यातली पहिली चोरी, तीही बायकोच्या डब्यातून! दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी "उन्हाला बसतो" म्हणून काठी टेकत गच्चीवर जाऊ लागले.

पहिले दिवस विचारू नका. सुपारी तळव्यावर ठेवली की बोटं मिटायची, बोटं सोडवली की तळवा कलायचा, आणि सुपारी टुणटुण उड्या मारत पाण्याच्या टाकीखाली जाऊन बसायची. काठीने ती बाहेर ओढता ओढता चन्नप्पांचा अर्धा व्यायाम तिथंच होई. कधी वाटे, काय हा पोरखेळ! या वयात, गच्चीवर, सुपारीमागे! कुणी बघितलं तर? पण खाली जाऊन पूजेला बसलं, सुंदरम्मांचा उबदार, खरखरीत तळवा आपल्या हाताखाली आला, की उद्या पुन्हा वर जायचं हे ठरून जाई.

धम्मप्रिया केंद्रात भेटली की डोळ्यांनीच विचारायची. ते बोटाने दाखवायचे, एवढंसं. तिला तेवढ्यानेही आनंद व्हायचा. "कोपर टेकवा आधी, मग हळूहळू उचला," ती पुटपुटायची, आणि सुंदरम्मा विचारायच्या, "काय कुजबुज चाललीय?"

मग एका सकाळी सुपारी थांबली. पडेल, पडेल म्हणून ते श्वास रोखून बघत राहिले, आणि ती आपली जागच्या जागी. चन्नप्पांना कुणाला तरी हाक मारावीशी वाटली. गच्चीवर पारव्यांशिवाय कुणी नव्हतं. "बघ रे," ते पारव्यांना म्हणाले.

आता त्यांना धीर आला. चमच्याने पाणी घालू लागले. पाणी आलं म्हणजे पानही आलं. बेलाची पानं सरावाला वाया घालवणं मनाला पटेना. गच्चीच्या कोपऱ्यात सुंदरम्मांच्या कुंडीत कढीपत्ता होता. त्याची पानं खुडून ते उजव्या हाताने एकेक सुपारीवर ठेवू लागले.

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यातली ती सकाळ. थंडी अंगाला झोंबत होती, खालच्या गल्लीतून शेंगा भाजल्याचा वास येत होता. चन्नप्पा पाटावर बसले. तळवा वर केला. सुपारी ठेवली. चमचाभर पाणी घातलं, आणखी एक चमचा घातला. तळव्याच्या वाटीत पाणी थांबलं आणि त्यात आभाळाचा एक निळा तुकडा दिसला. हात थरथरत होता, तुकडाही थरथरत होता, पण सांडत नव्हता! कढीपत्त्याचं पान ठेवलं. राहिलं. दुसरं ठेवलं. तेही राहिलं. त्यांची नजर आपोआप तळव्यावर लागली, ओठ आपोआप हलू लागले, आणि जिन्याच्या दाराशी सुंदरम्मा वाळवायच्या मिरच्या सुपात घेऊन उभ्या असलेल्या त्यांना दिसल्या.

सुंदरम्मा ओरडल्या नाहीत. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि मुकाट्याने जिना उतरून गेल्या. त्याचीच चन्नप्पांना भीती वाटली. लग्न झाल्यापासून सुंदरम्मा कुठलाही जिना मुकाट्याने उतरल्या नव्हत्या.

ते काठी टेकत निम्म्या जिन्यात येतात तोवर खाली फोन लागला होता. मुलगा प्रभु अक्कलकोट रोड एमआयडीसीत, आपल्या मागांच्या शेडमध्ये. फोनमधून टॉवेलाच्या मागांचा खडखडाट घरभर ऐकू येत होता.

"प्रभु, आत्ताच्या आत्ता घरी ये! तुझ्या बापाचं डोकं फिरलंय!"

"काय झालं?"

"सुपारीची पूजा कराय लागलेत! गळ्यात लिंग असताना! हातावर सुपारी घेऊन डोळं लावून बसलेत, तोंडानं पुटपुटतायत, आणि कढीपत्ता वाहतायत रे तिला, कढीपत्ता!"

पलीकडे क्षणभर नुसते माग वाजले. "आलो," प्रभु म्हणाला.

"सुंदरम्मा, अगं ऐक," चन्नप्पा शेवटच्या पायरीवरून म्हणाले.

"तुमी बसा! बोलू नका! लोक काय म्हणतील? बाकीचे सुपारीला गणपती मानतात ते मानू द्या, त्यांचं त्यांना. आपल्या घरात कधी मांडली का? आणि मांडलीच तर कढीपत्ता? अय्यो देवा, माझ्याच कुंडीतला!"

चन्नप्पांनी तोंड उघडलं. पण सांगायचं कुठून? तुझा हात मला नको झालाय असं नाही, हे तिला कसं सांगायचं? शब्द जुळवत होते तोवर बाहेर बाईक थांबली आणि प्रभु केसांत कापसाची लव घेऊनच आत शिरला. लकव्याची लक्षणं कशी ओळखायची हे केंद्रात घरच्यांना शिकवलं होतं, ते त्याला तोंडपाठ होतं.

"अप्पा, हसून दाखवा."

"प्रभु, अरे..."

"आधी हसा!"

चन्नप्पा हसले.

"माझं नाव काय?"

"आत्ता घेतलं की मी. प्रभु."

"दोन्ही हात वर करा."

त्यांनी काठी भिंतीला टेकवून केले. प्रभुने एकीकडे फोन कानाला लावला होता. "मॅडम, मी चन्नप्पांचा मुलगा. अप्पांना परत झटका आलाय बहुतेक. सुपारीची पूजा करतायत हो गच्चीवर."

"काय सांगता!" पलीकडून धम्मप्रिया एवढ्या मोठ्याने ओरडली की प्रभुने फोन कानापासून लांब धरला. "सुपारी पडली का?"

"मॅडम?"

"तळवा वर होता? पाणी घातलं होतं? सांडलं?"

प्रभु आईकडे वळला. "सांडलं का, विचारतायत."

"न्हाय सांडलं! पानं तरंगत होती!" सुंदरम्मा संतापाने म्हणाल्या.

फोनमध्ये आनंदाची एक किंकाळी उमटली. मग धम्मप्रियाने स्वतःला आवरलं. "बरं, आधी नीट सांगा. चेहरा वाकडा? बोलणं अडखळतंय?"

"नाही. हसले. नाव सांगितलं. हातही दोन्ही वर केले."

"दोन्ही?"

"हो, दोन्ही."

"डावापण?"

प्रभु वडिलांकडे बघत राहिला. सुंदरम्माही बघू लागल्या. चन्नप्पा अजून तसेच उभे होते, कुणी खाली घ्या म्हणालं नव्हतं म्हणून. उजवा हात डोक्याच्या वर होता. आणि डावा कानापर्यंत आला होता. कुणाच्या आधाराशिवाय, तळवा उघडा, त्याला कढीपत्त्याचं एक ओलं पान चिकटलेलं.

"डावापण," प्रभु हळूच म्हणाला.

"पूजा झाली का आजची? झाली नसेल तर थांबवा! म्हणजे करू द्या, पण मी येईपर्यंत थांबा! आलेच!"

स्कूटी येईपर्यंत चन्नप्पांनी सगळं सांगितलं. तुटक, मागचं पुढं, पुढचं मागं, पण सांगितलं. प्रभु मध्येच डोळे पुसत होता, मध्येच हसत होता. सुंदरम्मा हसल्या नाहीत.

"माझा हात जड झाला व्हय तुमाला?"

"जड न्हाय गं."

"मग? महिने झाले, एक दिवस मी चुकले न्हाय. ताप असताना चुकले न्हाय."

"म्हणूनच," चन्नप्पा म्हणाले. मग कसं कुणास ठाऊक, एका दमात बोलून गेले. "तू धरतेस तेव्हा माझी नजर लिंगावर न्हाय राहत. तुझा हात दुखत असंल, ह्याच्यावर राहते. तुझी पूजा मग उशिरा होते, तू उपाशी असतेस, ह्याच्यावर राहते. मला सगळं पुन्हा आपल्या हातानं धरायचंय. आणि तुझा हात तुला परत द्यायचाय."

सुंदरम्मांनी आत जाऊन पाट मांडला, तांब्या ठेवला, बेल ठेवला. एरवीच्या भांड्यांचा आवाज आला नाही.

धम्मप्रिया आली ती धापा टाकत. दारातच थबकली. "मी इथूनच बघते. मला पूजेतलं काही कळत नाही अव्वा, मी फक्त हाताकडं बघणार."

"आमीबी हाताकडंच बघतो," सुंदरम्मा म्हणाल्या. "ये आत. बस हितं, नीट दिसंल."

चन्नप्पा अंघोळ करून आले. कपाळावर विभूतीची बोटं ओढली. पाटावर बसले. गच्चीवरची गोष्ट वेगळी. सुपारी शंभरदा पडली होती, तिचं काय! आज जर बोटं मिटली, तळवा वळला? त्यांनी धम्मप्रियाकडे पाहिलं. तिने स्वतःचे खांदे खाली सोडून दाखवले. त्यांनीही सोडले.

मांडीवर जाड घडी केलेली चादर तिनेच ठेवायला लावली होती. पडलंच तर जमिनीवर नको.

डबी उघडली. उजव्या हाताने लिंग डाव्या तळव्यावर ठेवलं. सवयीने सुंदरम्मांचा हात खाली आला. टेकला नाही. बोटभर अंतरावर तसाच थांबला.

तळवा थरथरला. करंगळी आत वळू लागली. चन्नप्पांनी चमचाभर पाणी घातलं, त्यातलं थोडं मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. करंगळी थांबली. मग, जशी काही एखादी विसरलेली ओळ आठवावी, तशी सावकाश पुन्हा उघडली. विभूती लावली. बेलाचं पान वाहिलं. ते तिरपं पडलं, पण राहिलं. चन्नप्पांची नजर लिंगावर लागली, आणि त्या नजरेत सुंदरम्मांचा हात नव्हता, डॉक्टर नव्हते, संक्रांतीनंतरची टेस्ट नव्हती. नुसतं काळंभोर लिंग, ओलं पान आणि त्यांचा स्वतःचा तळहात.

केव्हातरी सुंदरम्मांनी आपला हात काढून पदराखाली घेतला. ते त्यांना कळलं नाही.

लिंग पुसून, कापडात गुंडाळून पुन्हा डबीत गेलं, तेव्हाच धम्मप्रियाला कंठ फुटला. "अप्पा! कोपर उचललेलं, मनगट सरळ, दोन्ही हात एकाच वेळी कामात! आणि कुणी सांगितलं म्हणून नाही, आपणहून! डॉक्टरांना हेच हवं होतं. मी आजच सांगते, टेस्ट टेबलावर नाही, घरी येऊन घ्या."

"सांग," सुंदरम्मा म्हणाल्या. "फक्त अंघोळ करून ये म्हणावं त्याला."

सगळे हसले. प्रभुने बाहेर जाऊन कुणाला तरी फोनवर ही हकीकत सांगायला सुरुवात केली, आणि ती कढीपत्त्यापाशी आली की त्याचा आवाज चढू लागला.

सुंदरम्मा स्वयंपाकघरात गेल्या. चहा ठेवला. पोह्यांसाठी कढई ठेवली. मग गच्चीवर जाऊन पाटाजवळची सुपारी आणि कढीपत्त्याची पानं गोळा करून आणली, पानं धुतली आणि फोडणीत टाकली. वाया कशाला घालवायची? सुपारी मात्र हातात घेऊन त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. पानाच्या डब्यापाशी गेल्या, अडकित्ता उचलला, परत ठेवला. एवढ्या नजरेखालून गेलेली सुपारी कातरायची कशी? आणि टाकायची तरी कशी?

शेवटी बाहेर येऊन त्या चन्नप्पांसमोर उभ्या राहिल्या.

"हात."

त्यांनी उजवा पुढे केला.

"तो न्हाय."

डावा पुढे आला. तळवा जरासा कलला, मग सावरून वर झाला. सुंदरम्मांनी त्यावर सुपारी ठेवली.

"उद्या वर जाताना घेऊन जावा," त्या म्हणाल्या. "आणि कढीपत्ता माझ्या कुंडीतला न्हाय. शेजारच्यांच्या कुंडीतला."